पोर्टचा गोतावळा

३ जानेवारी १९८२, रविवार. हिरकणीवाडी

बाबांना आज कुणीतरी ‘पोर्टर’ म्हणालं. मुंबईच्या पार्टीतला माणूस, गळ्यात कॅमेरा — “ए पोर्टर, इधर!” संध्याकाळी डोलीचा दांडा ओटीला टेकवून बाबांनी पहिलं विचारलं ते हेच.

“काय गो, शिवी हाय का ही?”

शिवी नाही म्हटलं. ओझं वाहणारा.

“मग बराबर हाय.” हसले. मग पाय धुता धुता — “आनि ट्रान्स्पोर्ट? रिपोर्ट? पासपोर्ट? मुंबईवाले डोलीत बसून हेच बोलत असतात. सगळ्यांत पोर्ट हाय. एका घरचे हायत का गो?”

चौथी शिकलेला माणूस. तेवीस वर्षं रायगडावर डोली वाहतो. कानानं चार अक्षरं पकडली — पी, ओ, आर, टी! पॉलिटेक्निकला आमच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

बघून सांगते म्हटलं. अंदाजानं काही सांगायचं नाही.

६ जानेवारी, बुधवार. महाड

पुण्याला जुन्या बाजारात घेतलेला शब्दकोश ट्रंकेच्या तळातून काढला. एका घरचे आहेत! लॅटिन ‘पोर्तारे’ — वाहून नेणे. ट्रान्स्पोर्ट म्हणजे पलीकडे वाहणे, एक्स्पोर्ट बाहेर, इंपोर्ट आत. रिपोर्ट म्हणजे परत वाहून आणणे. जी आणायची ती बातमी. इंपॉर्टंट — ज्याच्या आत काहीतरी वाहून आणलेलं आहे ते.

पासपोर्ट मात्र वेगळा. त्यातला पोर्ट बंदराचा. लांबचं नातं असावं, असं कोश म्हणतो. तसंच सांगेन — ‘असावं’.

ऑफिसात दिवसभर रस्त्याखालच्या मोरीच्या नकाशाचं ट्रेसिंग. हात स्थिर होता.

१० जानेवारी, रविवार

बाबांना सांगितलं. पासपोर्टवर म्हणाले, “चुलत घर.” पोर्ट्रेट हा शब्द मी मुद्दाम ठेवला होता. त्यात चारही अक्षरं आहेत, पण तो या घरचा नाही. तो ओढून बाहेर काढण्याच्या धातूवरून आला. बाबांनी थोडा विचार केला.

“म्हंजे आडनाव सारखं, पन भावकी नाय.”

याहून नेमकं मला लिहिता आलं नसतं.

पोर्टरही दोन निघाले. एक वाहणारा, दुसरा दारावर बसणारा. दुसऱ्याचा पोर्ट ‘दार’ या शब्दाचा. रामाकाका ओटीवर होते — बाबांच्या डोलीतले जोडीदार, पुढचा दांडा त्यांचा. ते म्हणाले, “सोमा, पुढल्या जल्मी आपण दुसरा पोर्टर व्हायचं. महादरवाजात बसून नुसतं बघायचं, कोण धापा टाकतंय!”

दोघं इतके हसले की आई आतून म्हणाली, “पोरगी शिकवतीय आनि थेरडी दात काढतायत.”

१३ जानेवारी, बुधवार

स्पोर्ट! तोही याच घरचा. मुळात डिस्पोर्ट — कामापासून दूर वाहून नेणे, म्हणजे करमणूक. पुढचं ‘डि’ झिजून गेलं. रविवारपर्यंत थांबवत नाही.

१७ जानेवारी, रविवार

आज ‘सपोर्ट’. सब म्हणजे खाली. खालून वाहणे.

बाबा लगेच — “ह्यो माझा. चढताना मागला गडी खाली असतो. मी सपोर्ट!” आणि मग उरलेली संध्याकाळ आईला, कोंबड्यांना, रामाकाकांना — “सपोर्ट आला, वाट सोडा!”

मी हसले नाही. म्हणजे, फारसं नाही.

२४ जानेवारी, रविवार

बाबांसाठी सगळे शब्द मराठी अक्षरांत लिहून नेले होते. ऑफिसातली मोरीच्या नकाशाची वाया गेलेली अमोनिया प्रिंट, तिच्या पाठीवर पेन्सिलीनं, ठळक, अर्ध्या इंचाची अक्षरं. बाबांनी कागद उजेडात धरला. मान हलवत राहिले. “व्वा. झकास लिवलंस. हे सगळं घर एका कागदावर आलं बघ.”

कागद उलटा होता. लिहिलेली बाजू माझ्याकडे होती. त्यांच्याकडे मोरीचा फिका जांभळा छेद.

कागद घेतला, घडी घातली, परत दिला. मग चार बोटं त्यांच्यासमोर धरली. किती, म्हणून विचारलं. चिडले. “मी काय खुळा हाय?” पण आकडा सांगितला नाही.

आईला मागल्या दारी गाठलं. तिला माहीत होतं! “दोन सालं झाली. समोर धुकं धुकं दिसतं म्हणतो. तुला सांगू नको म्हनला, तू पुण्याला परीक्षेत होतीस.”

मग डोली कशी वाहतात?

“मागं असतो ना. मागल्याला तसंबी खुर्चीच दिसते. रामा पुढनं पायरी सांगतो — चढ, अर्धी, फुटकी. त्यावर पाय टाकतो.”

२५ जानेवारी, सोमवार. महाड

डोळ्यांबद्दल लिहिवत नाही. भाराबद्दल लिहिते.

इथली रीत अशी की दर विसाव्याला गडी जागा बदलतात. पुढचा मागे, मागचा पुढे. कारण चढावर ओझं मागच्यावर कलतं. बाबा आणि रामाकाका दोन वर्षं बदलत नाहीत.

दोन खांद्यांतलं अंतर आठ फूट. ओझ्याचा मध्य दांड्याखाली दोन फूट. चढ तीस अंशांचा धरला. खुर्ची आणि माणूस मिळून ऐंशी किलो. मागच्या खांद्यावर साडेएक्कावन्न, पुढच्या खांद्यावर साडेअठ्ठावीस. दोनदा करून पाहिलं. तेच आलं.

रामाकाका बाबांच्या डोळ्यांचं भाडं घेतात. साडेतेवीस... नाही, बरोबर तेवीस किलो.

३१ जानेवारी, रविवार

भांडले. रामाकाका नळावर अंग धूत होते. मी आकडे सांगितले. म्हटलं, दिसत नाही म्हणून तुम्ही त्यांना दोन वर्षं मागे ठेवलंत. आवाज चढला असणार. शेजारच्या तुळजाबाई धुणं टाकून बघायला आल्या.

रामाकाकांनी सगळं ऐकून घेतलं. तांब्या खाली ठेवला.

“झालं गो? आता सांग — उतरताना भार कोनावर येतो?”

मी मनात आकृती उलटी करू लागले, पण ते थांबले नाहीत.

“पुढल्यावर. पुढला कोन? मी. उतरतानाबी जागा बदलत नाय आमी. ह्यो खांदा बघ.”

खांद्यावर पेरूएवढा घट्टा होता, काळा, मधोमध चिरलेला.

“चढताना त्याचं, उतरताना माझं. तुझ्या पुस्तकात उतार नाय काय?”

आकडे बरोबर होते. मी अर्धाच गड मोजला होता.

माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. बापासाठी भांडलीस. माझी पोर असती तर हेच केलं असतं. फकस्त उतार धरला असता.”

१ फेब्रुवारी, सोमवार

उतार मोजला. पुढच्यावर साडेएक्कावन्न.

२ फेब्रुवारी, मंगळवार

महाडला धर्मशाळेत मोतीबिंदूचं नेत्रशिबिर आहे. तपासणी वीस तारखेला, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. फुकट. आठ दिवस खाटेवर, मग जाड चष्मा. वजन उचलायचं नाही, डोली तर कधीच नाही. नाव नोंदवून आले: सोमा गायकवाड, वय अंदाजे ५५. ‘अंदाजे’ मलाच लिहावं लागलं.

७ फेब्रुवारी, रविवार

बाबा नाही म्हणाले.

म्हटलं, माझा पगार आहे, घर चालेल. “ते ठावं हाय.” म्हटलं, एक दिवस पाय चुकला, तर खुर्चीतला माणूस दरीत. तुमच्या भरवशावर बसलेला असतो तो.

“मी सुटलो तर रामाचं काय?”

दुसरा जोडीदार मिळेल. गणू आहे, महादू आहे.

“नाय जमायचं.”

का नाही?

“नाय जमायचं म्हनलं ना!”

आयुष्यात दुसऱ्यांदा माझ्यावर ओरडले. पहिल्यांदा मी विहिरीवर वाकले होते तेव्हा.

नवा शब्द नेला होता — ऑपॉर्च्युनिटी. बंदराकडे नेणारा वारा. सांगितलाच नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार. महाड

जोडीदारासाठी कुणी आंधळं राहतं का? मला त्यांचा राग येतो आणि रागाखाली दुसरंच काहीतरी आहे. त्याला नाव देत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

मी पोचायच्या आधीच बाबा ठरवून बसले होते.

“येतो. पन एक अट. रामा संगती पायजे. वीस तारखेपातूर डोलीबी बंद, दोघांची.”

रामाकाका उखडले. “मी कशाला? माझा रोज बुडतो. तुझा डोळा, तू जा!”

“मला धरून न्यायला नको का कोनी?”

“पोरगी हाय की!”

“पोरीच्या खांद्याची मला सवय नाय.”

रामाकाका पुटपुटत कबूल झाले. बाबा चेहरा लांब करून बसले होते, पण मिशीत हसत होते. का, ते विचारलं नाही. हो म्हणाले एवढं मला पुरेसं होतं. वाऱ्याचा शब्द आज सांगितला. म्हणाले, “आमच्या बाजूला वारा दरीतनं वर येतो. चालंल का?”

चालेल म्हटलं.

२० फेब्रुवारी, शनिवार. महाड, धर्मशाळा

बाबांचे दोन्ही डोळे पिकलेले. आधी उजवा, उद्या सकाळी. मी सही करत होते, तेवढ्यात बाबा डॉक्टरांना म्हणाले, “सायेब, बॅटरी पेटवलीच हाय, तर ह्याच्याबी डोळ्यात बघा.” रामाकाका उठून चालायला लागले आणि वाटेतल्या बाकाला धडकले. दोन कंपाउंडरांनी धरून बसवलं.

रामाकाकांचाही उजवा पूर्ण पिकलेला. डावा निम्मा.

बाबांकडे वळले. तुम्हाला माहीत होतं?

“गेल्या पावसापास्नं. कबूल करत नव्हता, डॉक्टरचं नाव काढलं की भांडायचा. मी मागनं पायऱ्या मोजून हळू आकडा म्हनायचो, त्याला सगळा गड पाठ, तो त्या आकड्यावरनं पायरी वळखून सांगायचा. दुसऱ्या गड्याबरोबर गेला असता, तर पयल्या वळनाला मेला असता गो.”