नालवाडीच्या दरवाज्यावरचे पोपट

वर्धा, मंगळवार,
ता. ७ डिसेंबर १९५४

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्या हरिदासचा डोकं खरोखरच जमिनीला टेकवून नमस्कार (का टेकवलं ते पुढे कळेल). मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर हे पत्र त्यांना जेवणाआधी दाखवू नकोस.

कांताची दुसरी सोयरीक मोडल्याचं तू मागच्या पत्रात लिहिलंस, तिथे शाई फुटली होती. ते पत्र मी अजून कोटाच्या खिशात घेऊन फिरतो. आपल्या माणसानं घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोरगी द्यायची नाही, हे भाऊजींचं म्हणणं मला पटतं. पण पाहायला जायचं कोणी? ते शेत सोडून हलत नाहीत, आणि मी पडलो ड्रॉइंग मास्तर. माझ्या नजरेवर तुम्हा दोघांचाही भरवसा नाही.

तर सध्या मी वरच्या परीक्षेसाठी वर्धा शहराची कला आणि वास्तू अभ्यासतो आहे. पुस्तकातलं काही उतरवायचं नाही; जागेवर जायचं, मोजायचं आणि काढायचं, अशी अट आहे. दोन महिने वही आणि फीत घेऊन हिंडतोय. कापसाचे दिवस आहेत. बैलांच्या बंड्या बाजाराकडे चाललेल्या असतात आणि वाटेवरच्या बाभळींना कापूस अडकून राहतो. सकाळच्या उन्हात तो हलायला लागला की सगळं गाव जमिनीपासून वीतभर उचलल्यासारखं दिसतं, आणि मी काय मोजायला निघालो होतो तेच विसरतो. स्टेशनच्या कमानी काढता काढता माझी गाडी चुकली (मला कुठं जायचंच नव्हतं, तरी वाईट वाटलं). सरकी काढायच्या जिनाच्या धुराड्याखाली इतका वेळ उभा राहिलो की भुवया कापसानं पांढऱ्या झाल्या, आणि माझ्याच वर्गातल्या मुलांनी म्हातारा समजून मला रस्ता ओलांडून दिला.

रविवारी नालवाडीला गेलो. तिथे बबनराव म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या घराला सागाचा कोरीव दरवाजा आहे. वर दोन पोपट. एक बोलतोय, दुसऱ्यानं रुसून मान फिरवलीय. अगं, आपली कांता दिवाळीच्या रांगोळीत काढते तोच रुसलेला पोपट! मी समोरच्या दगडावर बसलो तो तासभर बसूनच राहिलो. शेवटी बबनराव बाहेर आले. म्हणाले, "बाहेर काऊन बसले गुरुजी? आत या. सारं पाहा. आमच्या घरी लपवाचं काही नाई."

असा दिलदार माणूस! मी म्हटलं, मी कोरीव काम अभ्यासायला आलोय. ते नुसते हसले. मग मी खांब मोजले, कौलं पाहिली, गोठा पाहिला. त्यांच्या पत्नी आनंदाबाई मला विहिरीशी नेऊन म्हणाल्या, "बारमाही पाणी हाय, पोरीले बाहेरून आणा लागत नाई." कोणत्या पोरीले, हे मला विचारावंसं वाटलं नाही; मी वहीत 'विहीर गोल, काठ दगडी' असं लिहून घेतलं. पोहे आले. माझं आडनाव, गाव, सोयरे कुठं कुठं, सगळं विचारलं (शास्त्रीय अभ्यासाला इतकी आस्था!). मी पोपटांच्या ओघात कांताची रांगोळी सांगितली, मॅट्रिक झाल्याचं सांगितलं आणि मी तिचा मामा, हेही. निघताना त्यांनी कुंकू लावलं, हातात नारळ दिला, डोक्यावर नवी टोपी ठेवली. कलावंताचा असा मान वर्ध्यात होतो हे मला माहीत नव्हतं. स्टेशनात तर कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

काल बबनराव शाळेत आले. येत्या रविवारी मोटारीनं पोरगी पाहायला तुमच्याकडे आर्वीला येतो म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, टोपीखालीच. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ताई, शपथ. पण मला तो दरवाजा दिसला, पोपटांखाली उंबरठ्यावर रांगोळी घालणारी आपली कांता दिसली, आणि तोंडातून "या" एवढंच निघालं.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, त्यांचा राग उतरल्यावर.

तुझा
हरिदास

ता. क. : रविवारचं पोह्यांचं बघ. आणि मी हे सगळं ठरवून, विचारपूर्वक केलं असं भाऊजींना सांग. घराची चौदा चित्रं सोबत जोडली आहेत, परीक्षेआधी परत पाठव.

ता. क. दुसरा : मुलगा कसा आहे, असं तू विचारशील. ताई, मी खांबांवरच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या, पण मुलगा पाहायचं राहून गेलं.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करता करता नववं चित्र पाहिलं. दरवाज्याची उंची कळावी म्हणून मी एका माणसाला खाली उभं केलं होतं. तो गडी असावा असं मी धरून चाललो होतो. दोन तास उन्हात फितीचं दुसरं टोक धरून होता, कशासाठी म्हणून विचारलं नाही. फक्त एकदा हळूच म्हणाला, "गुरुजी, फीत जराशी वरून घ्या, कोनाड्यात पारवी अंड्यांवर बसली हाय." आत्ता आठवलं, आनंदाबाईंनी त्याला 'हिरालाल बेटा' म्हणून हाक मारली होती. भाऊजींना काय दाखवायचं ते दाखव. कांताला नववं चित्र दे, आणि पारवीचं सांग. ती नाही म्हणाली तर टोपी आणि नारळ परत करायला मी स्वतः जाईन.