आतली माया

सोमवार, ४ ऑगस्ट

मास्तरांच्या पँटीतली माया आज संपली! बाबांच्या हातची शेवटची पँट. दर वर्षी मास्तर पोट आत ओढून दुकानात येतात – "जरा सैल करा बाई, धुऊन आटली." दर वर्षी कशी आटते देव जाणे! मी शिवण उसवते, आत दुमडलेलं कापड थोडं सोडते. आज उसवली तर काठच हाताला लागला.

"आता काय करायचं?"

"आता तुम्ही आटा," म्हटलं.

हसले. मग टोपी हातात घेऊन उभेच राहिले. "वडील जाऊन नऊ वर्षं झाली ना? त्यांची माया आजवर पुरली की हो."

लहानपणी बाबांना विचारलं होतं, शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला माया का म्हणतात? म्हणाले, "दिसत नाही. पण माणूस वाढलं की कामाला येते."

गिऱ्हाइकं कुरकुरायची, कापड वाया घालवतो हा शिंपी. बाबा म्हणायचे, "तुम्ही आजच्याच मापाचे राहणार आहात का?" पाळकसाहेबांनी एकदा दुकानात लावायला बायबलच्या वचनाची तसबीर दिली. बाबांनी ती घरी लावली. म्हणाले, शिंप्याने साक्ष आतल्या बाजूने द्यायची, कपडा उलटा करून बघा. अजून ऐकू येतं. तोंडात टाचण्या धरून बोलायचे, अर्धे शब्द टाचण्यांतच अडकायचे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

भाची आली! नऊ वर्षांनी. मी हिला शेवटचं पाहिलं तेव्हा दोन वेण्या होत्या. आता तेवीस तारखेला चर्चमध्ये लग्न आहे.

हातात खोका. न उघडताच कळलं. माझ्या आईचा लग्नाचा झगा. बाबांनी लग्नाआधी आईचं माप न घेता, नुसत्या नजरेने शिवलेला. अंदाज चुकेल या धास्तीने माया दुप्पट – दोन बोटं. आई आम्हाला सांगायची आणि लाजायची.

"मावशी, आई म्हणाली, ताईशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस."

घालून दाखवला. दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं कमी पडतोय. खांदे रुंद, पाठ रुंद. आरशात आम्ही दोघी मागेपुढे उभ्या – तीच चण! पोरगी माझ्यावर गेलीये, बिचारी.

"आत माया असेल ना? आजोबा ठेवायचेच."

"बघते," म्हटलं.

बघायला काय उरलंय? मला माहीत आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

झग्याला हात लावला नाही. सकाळपासून काजं केली. अकरा.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज शिवण उसवली. चार धाग्यांचीही माया नाही. कात्री अगदी सरळ चाललीये. माझी कात्री.

लिहून टाकते एकदाचं. सव्वीस वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. माझ्या आधी. बाबा आम्हाला सुई आणि दोरा म्हणत – मी टोचते म्हणून सुई. "सुई, आईचा झगा दोराच्या मापाचा कर." मी मान डोलावली. ती काडीसारखी, मी ही अशी. आत घ्यायचा, माया दुमडून ठेवायची, पाच मिनिटांचं काम. मी ती कापली. मनाशी म्हटलं, शिवण सपाट बसेल. खोटं! हा झगा परत कधी मला होऊ नये म्हणून कापली. कधी मलाही मागणी आलीच तर – नकोच ते. चारही पट्ट्या केरात टाकल्या आणि वर बाबांना चहा करून दिला.

त्यांनी झगा उलटा करून पाहिला होता. प्रत्येक कपडा पाहायचेच. काही बोलले नाहीत. मला वाटलं, लक्षात आलं नाही.

आणि शिक्षा कुणाला? माझेच खांदे घेऊन आलेल्या पोरीला!

शनिवार, ९ ऑगस्ट

पाळकबाई ब्लाउज न्यायला आल्या. झगा पसरलेला दिसला. "जुनं साटीन आहे हो," मी म्हटलं, "आतून विरलंय. सैल नाही होणार." म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की काय! पण तुम्ही तरी काय करणार?"

किती सहज खपलं! बाबांच्या टेबलाशी उभं राहून, बाबांचा टेप गळ्यात घालून. आणि साटीन अजून असं घट्ट आहे की सुई कुरकुरते.

धाकटीलाही हेच सांगता येईल. ती विश्वास ठेवील. काही विचारणार नाही.

रविवार, १० ऑगस्ट

प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही जशी क्षमा करतो' ही ओळ आली आणि मी खोकले. नऊ वर्षं त्याच ओळीला खोकते. इतकी की पाळकबाई आता आधीच गोळी पुढे करतात!

बाबा गेले आणि धाकटी दुसऱ्या दिवशी पोचली. गाडी चुकली, पोर तापाने फणफणलेली – ऐकूनच घेतलं नाही. दारातच म्हटलं, "आता कशाला आलीस?" आतही आली नाही ती. पायरीवर बसून रडली आणि तिथूनच दफनाला गेली. तेव्हापासून बोलणं बंद. मला वाटायचं, मी तिला क्षमा करत नाही. करू कशी? खोटं कशाला म्हणू? म्हणून खोकला.

आज खोकता खोकता लक्षात आलं – त्याच ओळीत 'तशी आम्हाला कर' असं मागायचंही असतं! करायची आणि मागायची, एकाच दोऱ्याची शिवण. आणि जन्म शिवणकामात घालवलेल्या बाईला दिसू नये! गाढव आहे मी.

मंगळवार, १२ ऑगस्ट

फोन केला. तीनदा ठेवून दिला, चौथ्यांदा लावला.

"ताई?" तोच आवाज. अंधाराची भीती वाटली की माझ्या पांघरुणात शिरून अशीच हाक मारायची.

तयार करून ठेवलेलं सगळं विसरले. "झगा सैल होणार नाही. आत माया नाही. मीच कापली. तुझ्या लग्नाच्या वेळी. जळत होते मी तुझ्यावर." आणि मग, "त्या दिवशी दारात बोलले तेही चुकलं. मला क्षमा कर."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"उद्या येते," एवढंच. ठेवला.

संतापली असेल. संतापू दे. खोका बांधून ठेवलाय. न्यायचा तर नेऊ दे.

बुधवार, १३ ऑगस्ट

दोरा आली. केस पिकलेत, चाल तीच. खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्समधून एक पाकीट काढून कापायच्या टेबलावर ठेवलं.

आत साटीनच्या चार पट्ट्या. दोन-दोन बोटं रुंद. इस्त्री केलेल्या.

"बाबांनी केरातून उचलल्या होत्या. माझ्या लग्नाच्या सकाळी माझ्याकडे दिल्या. सव्वीस वर्षं गं ताई! किती वाट बघायला लावतेस!"

म्हणजे मी दारात ते बोलले, तेव्हाही हिला ठाऊक होतं.

जोड दिसेल, वरून लेस लावू. दोघी कच्चे टाके घालायला बसलो. पाकीट मी माझ्याकडे ठेवलंय. त्यावर बाबांच्या पेन्सिलीने लिहिलंय – "सुईला. मागेल तेव्हा."