देवी रुसली नव्हती

आई, यंदा नवरात्रात मी बूट घातले. जाड तळव्याचे, पुढून रुंद, दिसायला अगदी बेढब. नऊवारी नव्हे, पण चांगल्या काठाच्या साडीवर ते चढवून चाळीच्या जिन्यावरून ताठ मानेने खाली उतरले. शेजारची काकू दारातच होती. तुझ्यामागे तुझा अनवाणी नेम मी चालवते म्हणून मला सगळ्यांसमोर शाबासकी देणारी हीच. पायांकडे बघून म्हणाली, "आवशीचो नेम मोडलंस गो?" मी म्हटलं, "पाय रवले तर नेम रवतलो, काकू." पायच गेले तर नेम कसला चालवायचा? तिने दार लोटून घेतलं. लोटू दे. आजवर मीच गप्प बसत आले होते.

राग तुझ्यावरही आहे, तो आज सांगतेच. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून तू परत यायचीस आणि देवळात गाभाऱ्यासमोर नुसती उभी राहायचीस. मला म्हणायचीस, तळव्याला फरशी गार लागली की समजायचं देवी पावली. मग एका वर्षी घरी येऊन तू पदराने डोळे पुसलेस. फरशी गार लागत नाही, देवी माझ्यावर रुसली, म्हणालीस. रुसलेल्या देवीची समजूत कशी काढायची? तर नऊ दिवसांचं अनवाणी चालणं तू महिन्यावर नेलंस. वर उपास. साखर होती हे तुला ठाऊक होतं, गोळ्याही होत्या, पण साखरेचा आणि फरशीचा संबंध कोण लावणार? आपल्याकडे कुणीच लावला नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. तू गल्लीतून घरी आलीयस, हातपाय न धुताच वाकून लादी पुसतेयस आणि मला विचारतेस, "कुणाचं गो हे रक्त?" मी बघते तर दारापासून मोरीपर्यंत तुझ्याच पावलाचे ठसे, आणि टाचेत काच. तू हसलीस. बघ, देवीने दुखूही दिलं नाही, म्हणालीस. मग बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग तू गेलीस, आणि शेवटपर्यंत तुझ्या तोंडी एकच, माझंच काही चुकलं असेल.

काही चुकलं नव्हतं. आता माझीही साखर वाढलीय, म्हणून परळच्या दवाखान्यात जाते. तिथली डॉक्टरीण माझगावची, ख्रिश्चन, माझ्या निम्म्या वयाची. पण कागदावर चित्र काढून समजावते. पायाची जाणीव मेंदूकडे नेणारे जे तंतू असतात त्यांनाही रक्त लागतं. त्यांच्या अंगावरून केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या जातात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या आतून खराब होतात, जास्त रक्त हवं असतं तेव्हा रुंदावत नाहीत, काही बंदच पडतात. मग तंतूंची उपासमार होते. सगळ्यात लांबचे आधी जातात, म्हणजे पायाचे. साखरेचा मार तंतूंवर थेटही बसतो, म्हणाली. ते ऐकून मी तिच्यासमोर रडले, मग चिडले. देवी रुसली नव्हती गं आई. तुझ्या पायातले तंतू उपाशी होते, आणि तू आणखी उपास धरत होतीस. हे मी काकूला सांगितलं, भजनाच्या बायकांना सांगितलं, आणि ज्याला पटत नाही त्याने खुशाल माझ्या नावाने बोटं मोडावीत. मी माझे पाय कुणाच्याही श्रद्धेला देणार नाही, तुझ्याही नाही.

अष्टमीला बूट घालूनच देवळापर्यंत गेले. दर्शन बाहेरूनच घेतलं, पायरीखाली उभं राहून. घरी सांगितलं, आत गर्दी फार होती. गर्दी नव्हती. बूट काढून दोन पावलं आत जायचं, एवढंच होतं. पण फरशी गार लागली नसती तर? तेवढंच मला कळून घ्यायचं नव्हतं.