इंदूबाईचा अंगठा

७ एप्रिल
आज बदलीच्या जागी न्यायाधीश म्हणून रुजू झाले. बंगला ऐसपैस आहे, समोर कडुनिंब. वणीकडचे कोळशाचे ट्रक गेले की खिडक्या थरथरतात आणि टेबलावर काळी भुकटी बसते. स्वयंपाकाला रुपीबाई आहे. तिने आल्या आल्या बजावलं, पांढरी साडी इथं नेसाची नाही मॅडम, संध्याकाळपर्यंत तिचा वकिलाचा कोट होते. मला हसू आलं. एरवी मी फारशी हसत नाही.

९ एप्रिल
पहिलाच जामीनअर्ज खुनाचा. आरोपी विक्की, राजूरचा ट्रकड्रायव्हर. वजनकाट्यावर रांगेतल्या नंबरावरून भांडण झालं आणि त्याने चाकाच्या पान्याने अतुल नावाच्या ड्रायव्हरचं डोकं फोडलं. अतुल पडल्यावरही हा मारत राहिला. फोटोत चेहरा असा उरलेलाच नाही. पण आरोपी दीड वर्ष आत आहे, खटला सुरू नाही, मागचा गुन्हा नाही. आई इंदूबाई जामीनदार म्हणून उभी राहिली. म्हणाली, माहं पोरगं गायीवरही हात उचलत नाही जी. अर्ज मंजूर केला.

१५ एप्रिल
इंदूबाई चालू कोर्टात थेट समोर आली. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला. मले जामीन नाही राह्याचं, त्याले आत घ्या, आजच घ्या, असं म्हणत राहिली. मी सुनावलं की तोंडी चालत नाही. वकिलाकडून अर्ज लिहून घ्या, खाली अंगठा करा, गुरुवारी आणा. ती म्हणाली, गुरुवार लय दूर हाये जी. मी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. विक्की मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता.

१७ एप्रिल
इंदूबाई आली नाही. ठाणेदार आले. ती राजूरजवळ नाल्यात सापडली. गळा चिरलेला. दोन्ही अंगठे मुळापासून तोडलेले.
विक्की फरार. उद्या गुड फ्रायडेची सुट्टी. जामीन रद्द करण्याचा अर्ज सरकारी वकील सोमवारी देतील. पद्धत ती पद्धत.

१८ एप्रिल
सकाळी पायरीवर वर्तमानपत्राची पुडी. आत अंगठा. काळा पडलेला, नखात शेण.
फाटकावर एक शिपाई दिला आहे. जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल
त्याचा फोन आला. आवाज अगदी नरम. म्हणाला, माय तर गेली, आता तुम्हीच माह्या जामीनदार. तुम्हीच सोडलं ना मले?
मग विचारलं, सही कोणत्या हातानं करता—
मी फोन ठेवला. 

२० एप्रिल, दुपार
शिपाई फाटकात पडलाय. डोकं— नाही, डोकं राहिलेलंच नाही. रुपीबाई ओरडली. मग ओरडली नाही.
मी न्हाणीघरात. हातात होती ती ही वहीच. फोन बाहेर राहिला.
तो दाराशी आहे. माय म्हणून हाक मारतोय. लाडाने.
फळी फुटली. बोटं दिसतात—

अर्ज नाही. वकील नाही. तारीख नाही. तरी आदेश:
आरोपी विक्की याचा जामीन आत्ता, या क्षणी रद्द.
सही राहिली. सहीशिवाय आदेश— कडी— सही क