सात तलाव, सात दिवस

१८ जुलै २००५, गडचिरोली
आजही तेच. तलावांच्या पातळीचा जुना हिशेब आकडे बरोबर काढतो आणि माझ्या पडद्यावर येईपर्यंत त्यांची खिचडी होते. हिशेब कुणा निवृत्त इंजिनिअरचा, फोरट्रानमधला. मूळ लिखाण हरवलं, उरली बंद डबी, म्हणजे डीएलएल. पावसाचे आकडे आत टाकायचे, बारा तलावांची पुढच्या सात दिवसांची पातळी बाहेर येते. मी तो तक्ता सी-शार्पमध्ये घ्यायचा नि छापायचा. एवढंच काम, आणि तीन आठवडे गेले. विचारणार कुणाला? ऑफिसात संगणक म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.

२२ जुलै
साहेब वैतागले. "बारा राहू द्या, मॅडम. सात तलावांवर चालवून दाखवा." त्यात आमच्या गावचा तलाव तिसरा. मी हट्टाने घालायला लावला. बाबा तिथले पाणकर, पाळीतलं, म्हणजे तलावाच्या बांधातलं, तुडुम (पाणी सोडायचं दार) त्यांच्या हातात.

२६ जुलै
आलं! सात तलाव, सात दिवस, आकडे कसे शहाण्यासारखे. ऑफिसातले जुने कारकून वैरागडे भाऊ, त्यांनी हिशेबाच्या जुन्या छापील कागदाशी ताडून पाहिलं. त्यांची तीस वर्षांची रीत: पहिलं घर पाहायचं, शेवटचं पाहायचं, जुळलं की सही. दोन्ही जुळली. "मधातलं कोन पाहून राह्यलं, पोरी," म्हणाले. मीही नाही पाहिलं. सगळ्यांना चहा पाजला.

२ ऑगस्ट
पहिला खराखुरा तक्ता निघाला. सातही ग्रामपंचायतींना शिपाई देऊन आला. आमच्या गावची एक प्रत कंडक्टरच्या हाती वेगळी पाठवली, वर पेनाने लिहिलं: बाबांसाठी. आकड्यांकडे नजर टाकायलाही वेळ नव्हता. बाबांनी आजवर माझं काम पाहिलेलंच नाही. उद्या पाहतील.

६ ऑगस्ट
दुपारी एसटीडीवरून बाबांचा फोन. "तुहा कागद भेटला. तुडुम उघडलं, पोरी. बारा फूट होनार म्हन्ते ना. पाळ तं दहाचीच आहे." मी म्हटलं, बरं केलं. मग म्हणाले, "आभाय तं कोरडं दिसून राह्यलं. खेकडेबी पाळीवर नाई चढले. पन कागद तुहा आहे."
मी हसले. खेकड्यांवरून अंदाज काढणारा माणूस माझा कागद मानतो, याचं मला कौतुक वाटलं. हे लिहून ठेवते, कारण नंतर कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन.

१९ ऑगस्ट
पाऊस नाही. बाबांचा फोनही नाही.

६ सप्टेंबर
पाऊस अजून नाही. आईशी बोलले. तलावात गुडघाभर पाणी. धान निसवायला आलं आणि वरच्या बांध्या (भाताची खाचरं) भेगाळल्या. मासेमार ढिवरांचे मासे पाण्याबरोबर वाहून गेले. लोक बाबांना विचारतात, "भाऊ, उघड्या आभायात तुडुम काऊन उघडलं?"
उद्या सगळे आकडे काढून पाहते.

७ सप्टेंबर
सापडलं.
मी तक्ता आडवा वाचते, ओळीने. फोरट्रान तो उभा भरतो, रकान्याने. सात बाय सात चौकोन, म्हणून खिचडी झाली नाही, नुसता कूस बदलून पडला. तलावाच्या जागी दिवस, दिवसाच्या जागी तलाव. पहिलं घर आणि शेवटचं घर मात्र जागची हलत नाहीत. भाऊ नेमकी तीच पाहतात.
आमच्या ओळीत छापलं होतं: ५, ५, ६, ८, ९, ११, १२. ते आमच्या तलावाचे सात दिवस नव्हतेच. तिसऱ्या दिवशीचे सात तलाव होते. यादी लहान तलावाकडून मोठ्याकडे, म्हणून पाणी चढताना दिसलं. आमचा तलाव सातही दिवस सहा फुटांवरच राहणार होता.
बारा तलावांचं बिनसत होतं तेव्हाच कारण शोधायला हवं होतं. दुरुस्ती दोन ओळींची. चहा थंड व्हायच्या आत झाली. पाणी कुठून आणू?

८ सप्टेंबर
साहेबांना सांगितलं. म्हणाले, "आता दुरुस्त आहे ना? मग झालं. लेखी काही देऊ नका. तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे."
बाकी सहा गावांत काय झालं, शिपायाला विचारलं. काहीच नाही. कागद भिंतीला चिकटवला, कुणी वाचलाच नाही. सात गावांत माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला.

१७ सप्टेंबर, गावी
बाबांना सगळं सांगितलं. समजलं की नाही, कळेना. म्हणाले, "कागदावर पयल्या दिसी पाच होतं. मोजपट्टीवर सहा. मले वाटलं मोजपट्टीच चुकली. मीच रंगवली होती ना ते."
मला रडू आलं. चाळीस वर्षं पाळीवर काढलेला माणूस.
मी विचारलं, "मंग लोकायले काय सांगतलं?"
"सांगतलं, मले भेव वाटलं, मनून उघडलं."
"कागदाचं?"
"कागदाचं काऊन सांगू? तुही नोकरी हाये."
कागद कुठे आहे विचारलं. बंडीच्या आतल्या खिशातून काढून दाखवला. घामाने चार घड्यांवर फाटलाय. 'बाबांसाठी' तेवढं वाचता येतं.

१८ सप्टेंबर, सकाळ
आज पारावर बैठक आहे. पाणकर बदलायचा, असं ठरल्यासारखंच बोलतात. पाणकर असण्यावर पोट चालत नाही, पण बाबांना दुसरं नाव नाही. गावात त्यांना कुणी नावाने हाकच मारत नाही, पाणकरभाऊच म्हणतात.
माझ्या पिशवीत दोन तक्ते आहेत, चुकलेला आणि दुरुस्त. दोन्हींवर ऑफिसचा शिक्का. कुणाला समजावू, कसं? हिशेब उभा भरतो, मी आडवा वाचते. एवढ्याने धान परत येणार नाही. बाबांचं नाव कदाचित येईल, माझं जाईल.
बाबा धोतर नेसून तयार. दारात उभे राहून म्हणाले, "पिसवी घरीच ठेव."
मी चपला घालतेय. पिशवी अजून खांद्यालाच आहे. बाबा पाहून न पाहिल्यासारखं करून पुढे निघालेत.