खांबांवरचं घर

प्रिय बाबा,

आई सुखरूप पोचली. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, आणि इथल्या खिडकीतून रस्ता दिसतो म्हणून स्वारी खूश आहे. आल्या आल्या तुमच्या पथ्याची काळजी. म्हटलं, बाबांना काय धाड भरलीय, जमीन हलली तरी ते हलायचे नाहीत.

ऑफिसात सध्या मान वर करायला फुरसत नाही. बंद खाणीवरच्या जमिनीचा आमचा आराखडा मंजूर झाला. एका बाजूला तळं, मातीच्या ढिगाऱ्यांवर गवत, मधल्या पट्ट्यात झाडं. पण वर काही लावायच्या आधी खालची पोकळी वाळूने भरायची. छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब जिथे उभे आहेत, तिथे भरायची गरज नाही. तुम्हाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तुम्ही मुकादम होतात त्या भागाच्या नकाशात सगळे खांब शाबूत आहेत.

तिथलंच छत माझ्या नवऱ्यावर कोसळलं. दारात माणसं जमलेली असताना तुम्ही म्हणालात, "पोरगा धांदरट होता." मुकादमाचा शब्द, तोही सख्ख्या सासऱ्याचा, कोण खोडणार? मीही मानला. इतकी वर्षं मेलेल्या माणसावर चिडत राहिले, बाबा. एवढे सगळे धडधाकट घरी येतात, ह्यांनाच तेवढं जपून काम करता येऊ नये?

गेल्या महिन्यात तिथेच, नकाशातल्या खांबाच्या बरोबर मधोमध, भोक पाडलं. कोळसा लागलाच नाही. रिकाम्या बरणीत चमचा पडावा तशी सळई खाली गेली. खाण बंद होताना जास्त कोळसा दाखवायला तुम्ही खांबच कापून काढलेत, आणि त्या बिनखांबी छताखाली जावयाला धाडलंत. मग तुमच्या कुंपणाशी भोक पाडलं. तुम्ही आमच्या माणसांना पाणी द्यायला उभे होतात. तिथेही सळई गेली, तसे तुम्ही तांब्या घेऊन आत गेलात आणि दार लावलंत. मला सांगितलं त्यांनी.

सगळी गल्ली रिकामी झाली, तुम्हीच हटून बसलात की माझं घर माझ्या खांबांवर उभं आहे. म्हणून मी साहेबांना पटवलं, एका भोकापेक्षा बाबांचा शब्द मोठा, ते खांब आहेत म्हणतात तोवर तिथे वाळू नको. वाळूचे पाइप सोमवारी तुमच्या गल्लीत येतील. शनिवारी सभा आहे. जुने कामगार येतील, माझ्या सासूबाईही येतील. सगळ्यांसमोर उभं राहून एवढंच म्हणा, खांब मी काढले, पोरगा धांदरट नव्हता. तुमच्या घराखाली सगळ्यात आधी वाळू पडेल. नाहीतर पाइप पुढच्या गल्लीत वळवू. सावकाश विचार करा. भिंतींना तडे गेले असतील तर पलंग खोलीच्या मधोमध ओढून घ्या. काहीही ठरवलंत तरी आई आता इथेच राहील.

तुमचीच लाडकी,
धाकटी