पत्ताकोबीचा गाभा

बाबा, आज पुन्हा पत्ताकोबी केली. चिरून नाही, तुमच्यासारखी वरून एकेक पान सोलून. घरात एकटीच असते. तुमचे जावई मागच्या हिवाळ्यात गेले. त्यामुळे एक गड्डा आता आठवडाभर पुरतो, जसा मुलचेऱ्याकडच्या आपल्या फॉरेस्ट क्वार्टरमध्ये एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत पुरायचा. सुरी लावली की कोबी कापल्या बाजूने काळी पडते, पानं सोलली तर टिकते, हे तुम्ही कुणाकडून शिकलात कोण जाणे. तेल, मोहरी, लसूण, हिरवी मिरची, हळद आणि मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ. यापलीकडे तुम्ही गेला नाहीत, मीही जात नाही.

तुमची पहिली भाजी मात्र अशी नव्हती. आईच्या तेरवीचा दुसरा दिवस. आत्या मला न्यायला थांबली आहे, माझे कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले आहेत. तुम्ही खाकी कपड्यांतच चुलीपुढे बसून जन्मात पहिल्यांदा भाजी करता आहात. आई कोबीला पाणी घेते एवढंच तुम्ही पाहिलेलं, म्हणून तांब्याभर पाणी सरळ चुलीवरच्या गंजात ओतलंत. आत्याने झाकण उघडलं. "भाऊ, हे भाजी होय का ढोराची ढेप?" "तू नको खाऊ." "मी नाईच खात. पन पोरगी काय खाईन? तू जंगलात फिरशीन का सैपाक करशीन? पोरीले मी घेऊन जातो." तुम्ही माझ्या ताटात भात वाढलात आणि त्या लगद्यातून आतली पांढरी, कोवळी पानं शोधून शोधून भातावर घातलीत. हिरवी, चिवट पानं स्वतःला घेतलीत. मला ती दाराशी ठेवलेली पिशवी दिसत होती. मी ताट पुसून खाल्लं आणि पुढे केलं. "बाबा, अजून वाढा." आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून चुलीशी बसली. "पानी भाजीत नाई टाकाचं, भाऊ. झाकनावर ठेवाचं. वाफेवर शिजते ते." सकाळच्या गाडीने ती एकटीच गेली.

त्यानंतर आपल्या घरात तो नियमच झाला. "आतलं तुले." मी कुरकुर केली की, "चूप जेव." पुढे मीही तोच नियम चालवला, आधी मुलासाठी, तो पुण्याला नोकरीला गेल्यावर त्याच्या वडिलांसाठी. ते म्हणायचे, अर्धा तू घे. मी दटावायची.

मुलगा रोज फोन करतो. "आई, इकडे ये ना. एकटी काय करून राह्यली तिथं?" मी सांगते, ठीक आहे, करते, जेवते. रडारड मला जमत नाही, तुम्हालाही जमत नव्हती. पण एक विचारायचं राहून गेलं. मी कॉलेजसाठी चंद्रपूरला आले तेव्हा तुम्ही त्या क्वार्टरमध्ये एकटे उरलात. हिवाळ्यात दर बाजाराला कोबी आणतच असाल, वरून पानं सोलतच असाल. मग शेवटी उरणाऱ्या गाभ्याचं तुम्ही काय करत होता? तेव्हा मला हा प्रश्न सुचलासुद्धा नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मुलाला सांगते ते खोटं नाही, बाहेरची पानं मी खाते. आतला गाभा मात्र खाववत नाही. मागच्या आठवड्याचाही टोपलीतच आहे, सुकून मुठीएवढा झालेला. हे त्याला कळलं तर तो मला न्यायला येईल, आणि या वेळी मी ताट पुढे करावं असं समोर कुणी नाही.